आमची वाटचाल : चिठ्ठी आधी, चर्चा नंतर

आमच्या कामाला लोक अजूनही ‘ट्रेनिंग’ म्हणतात. आम्ही शिकवत नाही, दहाबारा माणसांना एकत्र बसवून त्यांचा निर्णय त्यांच्याकडूनच करून घेतो. क्वालिटी सर्कल (कामगारांनीच एकत्र बसून कामातल्या अडचणी सोडवायचा गट) 1962 साली जपानात सुरू झालं हे भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या वाचकांना सांगायला नको. पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फिशबोन (माशाच्या सांगाड्यासारखा कारणांचा तक्ता) काढतात, साहेब दाखवतील त्या काट्याला गोल करतात आणि फोटो काढून मोकळे होतात.

आमचं सामान थोडकं. ब्राउन पेपर, पोस्टकार्डाएवढी कार्डं, जाड टोकाचे मार्कर (बॉलपेन देऊ नका, मागच्याला दिसत नाही) आणि मतांसाठी टिकल्या. हो, कपाळाच्याच. आधी सगळ्यांनी न बोलता कार्डावर लिहायचं, हीच आमची चिठ्ठी, मग एकेकानं एकेक मुद्दा सांगायचा, शंका विचारायच्या आणि शेवटी टिकल्या लावायच्या. ही रीत डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी 1971 मध्ये मांडली. ती आमचा शोध आहे असं आम्ही कधीच म्हटलं नाही.

तसं म्हणणारे दुसरेच निघाले. आमच्याकडेच तयार झालेल्या एका गृहस्थांनी आमचे तक्ते स्लाइडवर चढवले, त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं आणि निम्म्या दरात कामं उचलली. चाकणची मोठी गिऱ्हाइकं गेली, पगार रखडले, ऑफिस सोडून आम्ही माझ्या हॉलमध्ये आलो. त्यांच्या बैठकीत चिठ्ठी नाहीच. मॅनेजर स्लाइड दाखवून विचारतो, “सगळ्यांना मान्य ना?” नाही म्हणायची कोणाची छाती आहे?

भोसरीचे एक प्रेसशॉपवाले शेठ तेवढे हलले नाहीत. त्यांच्या पत्र्याच्या ब्रॅकेटला बर (कापलेल्या कडेला राहणारी धारदार कोर) येत होती आणि सगळे ऑपरेटरवर घसरले होते. टूलरूमच्या हेल्परची चिठ्ठी निघाली : ‘नवी कॉइल आल्यापासून.’ कॉइलला, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीला, मायक्रोमीटर लावला तर पत्रा पातळ. डायचं क्लिअरन्स (डाय आणि पंच यांच्यातली फट) जुन्या जाडीचं, मग बर येणारच. हा पोरगा एरवी बैठकीत तोंड उघडत नाही.

तेव्हापासून चिठ्ठ्या लिहून होईपर्यंत शेठ बाहेर चहा पीत बसतात. मालकांनो, एवढं तरी करा. आणि शिफ्ट सुटताना बैठक लावू नका, सगळ्यांचा जीव बसमध्ये अडकलेला असतो.

चाकणहून आता पुन्हा फोन येतात. दर तोच निम्मा मागतात. आम्ही देत नाही.