कडक पात्याला घरची धार : आमची वाटचाल

वरुड तालुक्यातील संत्र्याच्या पट्ट्यात आमचे छोटे कारखानावजा दुकान आहे. आम्ही डी-टू या अतिकडक पोलादाचे कलमाचे चाकू तयार करतो आणि त्यांना घरच्या घरी धार लावण्याचे साहित्यही देतो. माझे वडील वरुड आणि मोर्शीच्या आठवडी बाजारांत पायाने फिरवायचे धारेचे चाक घेऊन बसत. पॉवर हॅक्सॉचे, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचे, मोडके ब्लेड घासून त्यांनी केलेले चाकू काही रोपवाटिकांत आजही वापरात आहेत. कडक पोलादाची गोडी मला त्या चाकूंनीच लावली.

कलमाच्या कामाला असे पोलाद का लागते, हे शेंदुरजनाघाटच्या माणसाला सांगावे लागत नाही. थंडीच्या हंगामात जंबेरी लिंबाच्या खुंटांवर दिवसभर संत्र्याचे डोळे (फांदीवरचे अंकुर) बांधायचे, तर सकाळची धार संध्याकाळपर्यंत टिकली पाहिजे. पाते बोथट झाले की साल कापली न जाता चिरडली जाते, डोळा वाळतो, आणि बोल मात्र कलमवाल्याच्या हाताला लागतो. डी-टूमध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्टीत आमची पाती १०२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून हवेतच थंड केली जातात आणि नंतर ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून २०० अंशांवर पुन्हा तापवली, म्हणजे टेंपर केली जातात. तेव्हा ती कडकपणाच्या रॉकवेल मापाने ६० च्या घरात येतात. आमच्या पात्याला पाणी, म्हणजे कडकपणा, चांगले बसलेले असते, हे मी अभिमानाने सांगतो.

असे असूनही आम्ही बुडता बुडता वाचलो. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानदाराने बेंच ग्राइंडर (विजेवर फिरणारे धारेचे चाक) बसवला आणि दोन मिनिटांत धार लावून देण्याचा धंदा सुरू केला. आमचे चाकू घेतलेली मंडळी आपापल्या घरच्या निसण्यावर (धारेच्या दगडावर) पाते घासत, धार येत नाही म्हणून त्याच्याकडे जात, आणि तो ते पाते कोरड्या चाकावर ठिणग्या उडेपर्यंत दाबून धरी. डी-टूच्या बारीक कडेचे तापमान टेंपरिंगच्या २०० अंशांपुढे जायला क्षणही पुरतो, आणि रंग दिसायच्या आधीच कडेचे पाणी उतरलेले असते. वडिलांचे हॅक्सॉ ब्लेडचे चाकू हायस्पीड स्टीलचे असल्याने ५०० अंशांपर्यंतचा ताप सोसून जात, म्हणून त्याच चाकावर ते टिकले आणि आमचे नवे चाकू दुसऱ्याच दिवशी बोथट झाले. यावरून त्या गृहस्थाने गावोगाव सांगितले की आमचे पोलादच खोटे आहे. कृषी केंद्रांनी माल परत पाठवला, भट्टीवाल्याची उधारी थकली आणि मला बेल्ट ग्राइंडर विकावा लागला. रॉकवेलचा तपासणी अहवाल मी खिशात घेऊन फिरलो, पण तो वाचायला कोणी थांबले नाही. धंद्यात स्पर्धा असते हे मला मान्य आहे. पण स्वतः पाते भाजायचे आणि नाव दुसऱ्याचे खराब करायचे, ही गोष्ट मी आजही विसरलेलो नाही.

त्या काळात आमच्या पाठीशी उभे राहिले ते शेंदुरजनाघाटचे एक बुजुर्ग कलमवाले, ज्यांना सारा परिसर काकाजी म्हणतो. त्यांनी चाकू परत केला नाही; उलट घरचा निसणा आणि चाकू दोन्ही घेऊन ते दुकानात आले. मी डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धारेची पट्टी, नुकतीच मागवली होती. काकाजींनी आधी निसण्यावर पाणी टाकून पाते बराच वेळ घासले, तेव्हा वर आलेले पाणी मातकट होते, म्हणजे झिजत होता तो दगड. मग तेच पाते प्लेटवर घेतले, आणि चार-सहा हातांतच पाणी काळे झाले, म्हणजे आता झिजत होते ते पोलाद. ते काळे पाणी बोटावर घेऊन काकाजी म्हणाले, ‘पातं खराब नाही रे बाप्पा, गोटाच मऊ हाय.’ त्या हंगामात त्यांनी प्रत्येक रोपवाटिकेत हा प्रयोग स्वतः करून दाखवला, आणि त्याबद्दल आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही.

काकाजींचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. डी-टूच्या अंगात क्रोमियम आणि कार्बन यांचे अतिकठीण कण काँक्रीटमधल्या गिट्टीसारखे रुतलेले असतात आणि धार टिकते ती त्यांच्या जोरावर. कठीणपणाच्या विकर्स मापाने ६० रॉकवेलचे पोलाद सुमारे ७०० भरते, निसण्यातली वाळू त्याहून थोडी वर असते, पण क्रोमियमचे हे कण १५०० च्या पुढे जातात. त्यामुळे निसणा पोलाद थोडेफार कातरतो आणि कणांवरून नुसता घसरतो. कार्बोरंडम (सिलिकॉन कार्बाइडचा धारेचा दगड), ज्याचा शोध १८९१ मध्ये लागला, २५०० च्या आसपास असल्याने डी-टूला पुरून उरतो. नागपूर-अमरावतीची काही मंडळी मात्र बाहेरून आणलेले, व्हॅनेडियम धातू मिसळलेल्या पोलादाचे महागडे चाकू पाठवतात. अशा पोलादांपैकी एस-थर्टी-व्हीमध्ये ४ टक्के, एस-नाइन्टी-व्हीमध्ये ९ टक्के व्हॅनेडियम असते. त्याचे कार्बनशी मिळून झालेले कण २८०० च्या घरातले, म्हणजे कार्बोरंडमहूनही कठीण असल्यामुळे तेथे हिराच लागतो.

आमच्याकडून प्लेट घ्या अथवा न घ्या, पण पुढील गोष्टी पाळाव्यात, अशी माझी विनंती आहे. प्लेटवर जोर देऊ नये. हिऱ्याचे कण निकेलच्या पातळ थरात धरलेले असतात आणि दाबाने ते उपटून निघतात. पात्याच्या कडेला काळा मार्कर लावून दोन हात फिरवावेत. शाई अगदी टोकापर्यंत पुसली गेली तरच कोन बरोबर आहे. दोन सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ प्लेटपासून पाच मिलिमीटर उचलली की सुमारे १५ अंशांचा कोन मिळतो. कलमाचा चाकू एका बाजूने सपाट असतो, ती बाजू कधीही उचलून घासू नये. चारशे नंबरच्या जाड दाण्याच्या प्लेटवर संपूर्ण लांबीला बर (कडेवर वळलेला पोलादाचा बारीक पापुद्रा) आल्याशिवाय हजार नंबरच्या बारीक प्लेटकडे जाणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. बर राहिली आहे का, हे पाहायला आपल्या भागात उत्तम साधन आहे : सरकी काढलेला कापूस धारेवरून अलगद ओढावा, जेथे तंतू अडकेल तेथे बर शिल्लक आहे. ती हलक्या हाताने उतरवून चामड्याच्या पट्ट्यावर एक मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावून पाते मागे ओढावे, पुढे ढकलू नये. बहुतेक लोक बरीलाच धार समजतात आणि ती पहिल्या फांदीवर मोडली की पोलादाला नावे ठेवतात.

नंतरची वर्षे सुरळीत गेली. कृषी केंद्रे परत आली आणि बेल्ट ग्राइंडरही नवा घेतला. ते ग्राइंडरवाले गृहस्थ आता स्वतःच डायमंड प्लेट विकतात, पण आमच्या चाकूंबद्दल जे बोलले ते त्यांनी अजून मागे घेतलेले नाही. त्यांच्या चाकावर भाजलेली पाती आजही आमच्याकडे येतात. पाणी उतरलेली कड पाण्याखाली पूर्ण घासून काढून, खालचे निरोगी पोलाद लागेपर्यंत आम्ही ती मागे नेतो. या कामाची वेगळी मजुरी आम्ही घेतो, आणि बिलावर ‘आधी भाजलेले पाते’ असे स्पष्ट लिहून देतो.