नऊ गोळ्यांचा हिशोब

कॉलेजात एन.सी.सी.च्या कॅम्पात मी .२२ रायफल चालवली होती. पालथं पडायचं, कोपरं जमिनीत रोवायची आणि हवालदारसाहेबांचा हुकूम झाला की एक गोळी. तेवढ्यावर मला वाटायचं, बंदूक म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. शिकागोजवळच्या एका रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं आणि तो समज पाच मिनिटांत गेला. लांब रायफल वळवायला अख्खं अंग वळवावं लागतं. पिस्तुलाचं मात्र मनगट जरा फिरलं की नळीचं तोंड शेजाऱ्याच्या पोटावर.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. पाळी रात्री साडेअकराला सुटते. गेल्या वर्षी हिवाळ्यात पार्किंगमध्ये एक माणूस दोनदा माझ्या मागे गाडीपर्यंत आला. पुढे तो दिसला नाही, पण भीती राहिली. नवऱ्याशी महिनाभर बोलून पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना काढायचं ठरवलं. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "अगं, घरात सहा वर्षांचं लेकरू आहे, आधी त्याचं बघ." म्हणून पिस्तुलाच्या आधी घरात तिजोरी आली, भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेली.

आमच्या इलिनॉय राज्यात शस्त्र लपवून जवळ बाळगण्याचा परवाना ही तशी अलीकडची गोष्ट. डिसेंबर २०१२ मध्ये संघीय अपील न्यायालयाने इथली सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. असा कायदा करणारं हे देशातलं शेवटचं राज्य. आधी शस्त्र बाळगण्याचं ओळखपत्र लागतं, १० डॉलर, १० वर्षांसाठी. मग परवाना, १५० डॉलर, ५ वर्षांसाठी. बोटांचे ठसे दिले तर निर्णय ९० दिवसांत, नाहीतर १२०. मी ठसे दिले. कागदपत्रांचा त्रास झाला नाही, त्याबद्दल फार लिहीत नाही.

लिहायचं आहे ते प्रशिक्षणाबद्दल. इथे १६ तास सक्तीचे आहेत. शेजारच्या इंडियानात १ जुलै २०२२ पासून परवानाच लागत नाही, आणि आता अर्ध्याहून अधिक राज्यांत तीच स्थिती आहे. वर्गातल्या काहींना १६ तास जास्त वाटत होते. मला ते कमी वाटले.

आमच्या प्रशिक्षिका पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या. पहिला अर्धा दिवस त्यांनी आम्हाला काडतूस दाखवलंसुद्धा नाही. नुसतं रिकामं पिस्तूल हातात घ्यायचं, तपासायचं, खाली ठेवायचं, पुन्हा उचलायचं. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, काढायचं आणि मगच स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, जाऊन बसते. मग मॅगझिन काढून हातात घेतलं तरी पिस्तूल भरलेलंच असतं. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. ट्रिगरवर बोट निशाणा धरल्यावरच. तोवर ते ट्रिगरच्या वर, पिस्तुलाच्या चौकटीवर सरळ. हे त्यांनी इतक्यांदा करून घेतलं की त्या रात्री भाजी चिरतानाही माझी तर्जनी सुरीच्या मुठीवर ताठ होती.

कायद्याच्या तासाला मला धक्का बसला. शाळा, वाचनालयं, बस-रेल्वे, खेळाची मैदानं इथे बंदी आहे हे पटलं. पण त्या यादीत हॉस्पिटलही आहे, आणि त्याचं पार्किंगसुद्धा. तिथे गाडीत ठेवता येतं; गाडीबाहेर हातात घेता येतं ते फक्त डिकीत ठेवण्या-काढण्यापुरतं. म्हणजे ज्या दोनशे पावलांसाठी मी हे सुरू केलं, त्या पावलांना परवान्याचा काहीच उपयोग नाही. मी तासानंतर थांबून पुन्हा विचारलं. उत्तर तेच. परवाना उपयोगी पडेल तो घराच्या वाटेवर, मध्यरात्री पेट्रोल भरताना. पार्किंगमध्ये मी अजूनही सुरक्षारक्षकाला बोलावून सोबत घेते, आणि हा रस्ता प्रत्येकीने आधी धरावा असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी रेंज. सातवी का आठवी गोळी झाडली आणि काडतुसाची उडालेली तापलेली रिकामी पुंगळी माझ्या शर्टाच्या उघड्या गळ्यातून आत गेली. चटका असा बसला की डावा हात कॉलरकडे गेला, अंग वळलं आणि अंगाबरोबर पिस्तूलही. प्रशिक्षिकांनी मागून माझं मनगट पकडून समोर दाबून धरलं. शेजारच्या लेनमध्ये एक विशीतला मुलगा उभा होता. माझं बोट ट्रिगरबाहेर होतं, एवढंच त्या क्षणी बरोबर होतं. आदल्या दिवशीची ती कंटाळवाणी उजळणी कशासाठी होती ते तेव्हा कळलं. बंद गळ्याचा शर्ट घाला असं सांगितलेलं मी मनावर घेतलं नव्हतं. भाजलं तर भाजू द्यायचं, आधी पिस्तूल समोरच्या टेबलावर ठेवायचं, हे आता हाताला ठाऊक आहे. गळ्यावरचा डाग दोन आठवडे होता.

परीक्षा ३० गोळ्यांची: ५, ७ आणि १० यार्डांवरून प्रत्येकी १०, समोर माणसाची काळी आकृती छापलेला कागद. ७० टक्के लागल्या की पास. मला २३ लागल्या. बाकीचे टाळ्या वाजवत होते, मी मात्र न लागलेल्या सात मोजत होते. पास व्हायला २१ पुरतात, म्हणजे चुकलेल्या नऊ चालतात. रेंजवर त्या मागच्या मातीच्या बांधात जातात. पेट्रोल पंपावर बांध नसतो. तिथे गाडीत बसलेलं कुणाचं तरी मूल असतं. आणि कागद हलत नाही, आपल्यालाही तिथे जिवाची धास्ती नसते. कायद्याने किमान ठरवलं आहे. तेवढ्यावर थांबणं मला पटलं नाही.

परवाना येऊन चार महिने झाले. एक शनिवार आड रेंजवर जाते, परत येताना साबण आणि थंड पाण्याने हात धुते, शिशाचे कण अंगावर घरी येऊ नयेत म्हणून. रात्री लेक झोपल्यावर तळघरात नकली काडतुसं घालून होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढण्या-ठेवण्याचा सराव करते. ठेवताना घाई नाही, डोळे होल्स्टरकडे. मागच्या खेपेला ३० पैकी २८ लागल्या. दोन्ही चुकलेल्या १० यार्डांवरच्या, आकृतीच्या डावीकडे. प्रशिक्षिका म्हणाल्या, शेवटच्या क्षणी ट्रिगर खेचतेस, तो हळू दाब. पिस्तूल अजून तिजोरीतून रेंजपर्यंत आणि रेंजवरून तिजोरीपर्यंतच जातं. सलग तीन शनिवार ३० पैकी ३० लागल्या की ते गाडीत ठेवायचं, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं आहे.