कातळावरचे अर्थिंग

देवगड तालुक्यातील एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, आंब्यासाठी बांधल्या जाणाऱ्या शीतगृहाच्या विजेचे काम माझ्याकडे होते. हापूसचा हंगाम मार्चअखेरीस जोर धरतो, त्यामुळे त्याआधी कॉम्प्रेसर फिरलेच पाहिजेत, ही मुदत आम्हांला झाडांनीच घालून दिली होती.

बांधकामापुरती तात्पुरती जोडणी लवकर मिळाली. कायमच्या जोडणीसाठी मात्र ११ केव्हीची लाइन आवारापर्यंत आणून २५० केव्हीएचे स्वतःचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बसवायचे होते. लोड मंजुरी, कोटेशन भरणे, विद्युत निरीक्षकांकडून आराखड्याला मान्यता, परवानाधारक ठेकेदाराकडून काम, त्याचे टेस्ट रिपोर्ट, मग प्रत्यक्ष तपासणी आणि शेवटी लाइन चार्ज करण्याची, म्हणजे तिच्यात वीज सोडण्याची, परवानगी, असा हा क्रम असतो. जोत्याचे काम सुरू होण्यापूर्वीच अर्ज दिल्यामुळे यातला कागदोपत्री भाग वेळेत पार पडला. आम्ही अडलो ते जमिनीपाशी.

रोहित्राच्या न्यूट्रलला (तिन्ही फेजच्या सामाईक टोकाला) जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या, म्हणजे अर्थिंग, लागतात, बॉडीला दोन आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरला वेगळी. आम्ही पाच खड्डे जांभ्यात फोडून काढले, पाइप उभे केले, भोवती ओलावा धरणारी बेंटोनाइट माती भरली आणि ऑक्टोबरमध्ये मोजणी केली. सगळे खड्डे जोडून ४.२ ओहम रोध आला; तो जितका कमी तितका चांगला, आणि आराखड्यात ५ ची मर्यादा होती, म्हणून मी निश्चिंत झालो. चूक माझीच होती, कारण पावसाळा नुकताच सरला होता आणि कातळाच्या भेगांमध्ये अजून पाणी होते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी लवकर पितो, पण सड्यावर ते धरून ठेवत नाही; ओलावा गेला की तोच दगड विजेला वाट देईनासा होतो. तपासणीच्या आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मी पुन्हा रोध मोजणारा टेस्टर लावला, तेव्हा काटा १९ वर जाऊन थांबला. मोजणीचे खिळेसुद्धा कातळात बोटभर शिरत नव्हते. फॉल्टच्या (बिघाडाच्या) वेळी करंटला जमिनीत जायला सोपी वाट मिळाली नाही, तर रोहित्राच्या टाकीला आणि कुंपणाला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते, त्यामुळे तो आकडा तसाच पुढे रेटण्याचा प्रश्नच नव्हता.

खड्ड्यांत रोज पाणी ओतून रोध खाली आणता आला असता, पण तो तपासणीच्या दिवसापुरताच. जागामालक काका शांतपणे म्हणाले, "साहेब, सड्यावर कुठंही खणलंत तरी कातळच लागणार. खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला बघा, तिथली माती मे महिन्यातही ओली असते." ती जागा रोहित्रापासून सुमारे सत्तर मीटरवर, त्यांच्याच बागेत होती. तिथे काळ्या, चिकट मातीत चार पाइप उभे केले, जस्ताचा मुलामा दिलेली जाड लोखंडी (जीआय) पट्टी चर खणून वरपर्यंत आणली आणि जुन्या खड्ड्यांशी जोडली. अरेस्टरचा खड्डा मात्र खांबापाशीच ठेवला, कारण विजेच्या लोळाला लांबची वाट चालत नाही. नवी मोजणी २ ओहमच्या आत आली. खाऱ्या वाऱ्याने जोड लवकर गंजतात, म्हणून वेल्डिंगच्या प्रत्येक जागेवर बिटुमेनचा लेप दिला.

तपासणी झाली, परवानगी आली, मीटरचा क्युबिकल (पेटी) सील झाला. चार्ज करण्याच्या सकाळी मेगर (इन्सुलेशन तपासणारे यंत्र) पुन्हा एकदा लावला, रोहित्राचे ओलावा शोषणारे सिलिका जेल निळे, म्हणजे कोरडे, असल्याची खात्री केली, लो टेन्शनचा (कमी दाबाच्या बाजूचा) मुख्य ब्रेकर बंद ठेवला आणि आवारात कुणी नाही हे स्वतः फिरून पाहिले. शटडाऊन घेऊन, म्हणजे पुरवठा थांबवून, लाइन जोडली. कामाचे परमिट परत दिल्यावर वायरमनने स्विच वर केला आणि रोहित्राची गुणगुण ऐकू आली. दुय्यम बाजूला तिन्ही फेज ४३० व्होल्टच्या आसपास समान होते. रोहित्र रात्रभर बिनभार ठेवले. दुसऱ्या दिवशी फेजचा क्रम तपासला, कारण तो उलटा असता तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलट फिरून निकामी झाले असते, आणि मग पहिला कॉम्प्रेसर सुरू केला. काकांनी दाराशी उभे राहून आतल्या गार हवेत हात धरला.