डायलवर सहा, मग तेरा

पार्किंगमधल्या तेलाच्या डागावरून सोसायटीच्या सेक्रेटरींचा तिसरा फोन आला, तेव्हा कुठे मी जीपखाली शिरलो. मुलुंड, मे महिना. पंखासुद्धा गरम वारा फेकत होता.

जीप महिंद्राची सीजे थ्री बी, मामांकडून आलेली. तिचा हँडब्रेक चाकांत नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) मागे, शाफ्टवरच असतो. त्यामुळे मागचं सील गेलं की तेल आधी लायनरवर आणि मग जमिनीवर येतं. शाफ्टच्या टोकाची फ्लँज धरून हलवली तर शाफ्ट खटखट मागेपुढे होत होता. म्हणजे नुसतं सील बदलून भागणार नव्हतं.

ड्रम काढला, बॅकप्लेट काढली, बेअरिंगचं कव्हर उघडलं. शिमच्या, म्हणजे जाडी जुळवायच्या पातळ पत्र्यांच्या, जागी निघालं पुठ्ठ्याचं पॅकिंग! कात्रीने कापलेलं, तेलाने फुगलेलं, एका बाजूने चेपलेलं. आधीच्या गॅरेजवाल्याची करामत. आत समोरासमोर दोन टेपर रोलर बेअरिंग आहेत आणि कव्हरखालच्या जाडीवर शाफ्टची चाल, म्हणजे मागेपुढे सरकायची मोकळीक, ठरते. जाडी वाढवली की ढिलं, कमी केली की घट्ट. मॅन्युअलमध्ये 4 ते 8 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) दिलंय, म्हणजे 0.10 ते 0.20 मिलिमीटर. अजिबात चाल ठेवली नाही तर तापल्यावर बेअरिंग आवळून जळतं. जास्त सोडली तर गिअर सरकतो, लिव्हर आपोआप सुटतो.

बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला मिळाली. शिमसाठी मात्र कुर्ल्याला सीएसटी रोडवर चार दुकानं हिंडलो. दुकानदाराने 3 आणि 10 थाऊच्या शिम एकाच पुडीत बांधून दिल्या. घरी एकेक मायक्रोमीटरने मोजून मार्करने आकडे टाकले. हे कंटाळवाणं काम टाळू नका, 3 म्हणून दिलेली एक 5 निघाली.

मग शिम न घालता कव्हर लावलं, बोल्ट हलके ओढले आणि फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी चारी बाजूंनी मोजली. 20 थाऊ. त्यात हवी ती चाल 6 मिळवली, झाले 26. दहाच्या दोन, तीनच्या दोन. बोल्ट पूर्ण आवळले, फ्लँजवर बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावला, शाफ्ट ओढला-ढकलला. बरोब्बर 6! मी आतून इतका खूश की चहा सांगितला.

खालच्या मजल्यावरचे काका गिरणीत फिटर होते. चहाचा कप हातात घेऊन ते वाकून बघत म्हणाले, "अरे, शाफ्टला मागच्या बाजूने मार दिलास का? कप बसला नसेल तर गेज खोटं बोलतो." कप म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग.

पितळी दांडा मागच्या टोकाला लावून दोन-तीन ठोके दिले, शाफ्ट दहा-बारा वेळा फिरवला. पुन्हा मोजलं. 13. पुढचा कप खांद्याला, म्हणजे टेकायच्या कडेला, टेकलाच नव्हता, ठोक्यांनी टेकला. मी खोट्या फटीवर हिशेब केला होता.

पुन्हा कव्हर उघडलं. एक दहाची काढली, एक तीनची घातली. 6. पुन्हा ठोकलं, फिरवलं, तरी 6. काका काही न बोलता चहा पीत उभे होते.

नवीन सील, नवे लायनर, तेल. रविवारी घोडबंदरला जाऊन आलो आणि लगेच खाली हात घालून कव्हर चाचपलं. कोमट होतं, हात ठेवता येत होता.