एका हेडरवर पाच फॅन आणि माझा अतिशहाणपणा

परवा भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, पीसीचं नवीन कॅबिनेट, काच वगैरे, आत सहा फॅन. खाली मेसेज, मामा मदरबोर्डवर फॅनच्या जागा तीनच आहेत, स्प्लिटर (एका जागेच्या अनेक जागा करणारी वायर) लावून सगळे एकाच ठिकाणी जोडू का? मी ताबडतोब फोन केला, म्हटलं थांब, काही लावू नकोस. कारण हाच उद्योग मी करून बसलोय आणि माझ्या बोर्डचं एक हेडर, म्हणजे फॅनची वायर खोचायची पिनांची जागा, त्यात कायमचं गेलंय.

झालं असं की मागच्या उन्हाळ्यात पुण्यात दुपारी पीसीसमोर बसवत नव्हतं, म्हणून रविवारी जुन्या बाजारात गेलो आणि दोन दणकट फॅन उचलले, कुठल्यातरी सर्व्हरमधून काढलेले, हवा अशी फेकायचे की टेबलावरचे कागद उडायचे. कॅबिनेटबरोबर आलेले तीन होतेच. स्प्लिटरला स्प्लिटर जोडून पाचही एकाच हेडरवर टाकले आणि काय भारी काम केलं म्हणून स्वतःवरच खूश. आठ-दहा दिवस मस्त चाललं. मग एका संध्याकाळी गेम खेळताना अचानक शांत झालं सगळं, आधी वाटलं बरं झालं आवाज गेला, मग लक्षात आलं पाचही फॅन बंद. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, त्या हेडरपुढे आरपीएम (फॅनचा वेग) शून्य. त्यातलाच एक फॅन दुसऱ्या हेडरवर लावला तर फिरतोय, म्हणजे फॅन बरे, हेडर मेलं.

तेव्हा कुठे फॅन उलटा करून मधला स्टिकर वाचला. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, १२ व्होल्ट आणि पुढे अँपिअर. जुन्या बाजारातल्या प्रत्येकावर ०.६५, साध्या तिघांवर ०.१८. स्प्लिटरवर फॅन पॅरलल लागतात, व्होल्टेज सगळ्यांना तेच आणि करंटची मात्र बेरीज होते. करा हिशोब, १.३० आणि ०.५४ म्हणजे १.८४ अँपिअर. आणि माझ्या बोर्डच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की एका हेडरची मर्यादा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट. मी जवळजवळ २२ वॅट ओढत होतो! मॅन्युअल अर्थातच बॉक्समध्ये पिशवीसकट पडलेलं.

बहुतेक बोर्डांवर साध्या हेडरची मर्यादा ही एवढीच असते, काहींवर वॉटर कूलिंगच्या पंपासाठी वेगळं हेडर असतं ते २ किंवा ३ अँपिअर देतं, पण ते आपल्या मॅन्युअलमध्ये बघायचं, मित्राच्या बोर्डवरून ठरवायचं नाही. आणि फॅन सुरू होताना क्षणभर जास्त करंट खातो, म्हणून मी आता १ अँपिअरच्या हेडरवर ०.७ च्या वर जात नाही. ०.१५ वाले साधे तीन फॅन स्प्लिटरवर खुशाल लावा, काही होत नाही, स्प्लिटर वाईट नाहीये, बेरीज न करणं वाईट आहे.

सहा फॅनसाठी मी भाच्याला सरळ हब, म्हणजे अनेक फॅन जोडायची छोटी डबी, घ्यायला सांगितला. पण हब म्हणून विकतात त्यातले काही नुसते लांबलचक स्प्लिटरच असतात, सगळी पॉवर बोर्डमधूनच ओढतात. आपल्याला तो हवा ज्याला एसएमपीएसची (पीसीच्या पॉवर सप्लायची) साटा पॉवरची वायर लागते, हार्डडिस्कला लागते तीच. करंट एसएमपीएसमधून येतो, बोर्डकडून येतो फक्त वेगाचा सिग्नल, आणि साटाच्या कनेक्टरवर १२ व्होल्टला साधारण ४.५ अँपिअर मिळतात म्हणजे सहा साधे फॅन आरामात. आरपीएमची वायर मात्र एकाच फॅनची परत जाते, म्हणून हबवर एका पोर्टला वेगळी खूण असते आणि एक फॅन तिथे लावावाच लागतो, नाहीतर बोर्डला फॅन दिसतच नाही, आणि हब सीपीयू फॅनच्या हेडरवर असेल तर पीसी चालू करताना एरर देऊन अडून बसतो. हेडर बायोसमध्ये पीडब्ल्यूएम मोडवर ठेवायचं, म्हणजे वेग चौथ्या वायरच्या सिग्नलने ठरतो. शिवाय असल्या हबवर ३ पिनवाले फॅन लावले तर ते कायम फुल स्पीडने बोंबलत बसतात कारण वेग सांगणारी चौथी वायरच नाही.

मोलेक्सवरून (एसएमपीएसचा जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) साटा करणारे स्वस्त अडॅप्टर मात्र मी घरात ठेवत नाही. त्यातले काही मोल्डेड असतात, म्हणजे वायरींवर प्लास्टिक ओतून एकच गोळा केलेला, आत वायरी एकमेकींना चिकटल्या तर बाहेरून कळत नाही आणि ते वितळल्याच्या, जळल्याच्या भानगडी बऱ्याच झाल्यात. मागून प्रत्येक वायर वेगवेगळी आत जाताना दिसते ते क्रिम्पवाले बरे. आणि कॉलेजात आम्ही मोलेक्सच्या पिवळ्या (१२ व्होल्ट) आणि लाल (५ व्होल्ट) वायरींमध्ये फॅन लावून ७ व्होल्टवर चालवायचो, आवाज कमी व्हावा म्हणून, तेही आता नको, त्यात फॅनचा करंट ५ व्होल्टच्या लाइनमध्ये उलटा घुसतो. तेव्हा काही जळलं नाही हे आमचं नशीब.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, बरं मामा, लाइटची पट्टी तरी फॅनच्या हेडरवर लावू ना? नाही रे बाबा. ३ पिनवाली एआरजीबी (रंग बदलणारी) पट्टी ५ व्होल्टची असते, तिला बोर्डवर वेगळी जागा असते, १२ व्होल्टवर लावलीस की दिवे गेले. आधी सहाही फॅनच्या स्टिकरचे फोटो पाठव म्हटलं. पाठवले, सगळ्यांवर ०.२०. एक सोडून, तो उलटा बसवलाय म्हणून स्टिकर दिसत नाहीये, म्हणजे आता हवा कुठून कुठे जातेय तेही विचारावं लागणार.