घर कुठे आहे, ते मी का सांगत नाही

मी कोकणातल्या जुन्या घरांचे फोटो काढतो. फोटो आवडला की लागलीच पुढचा प्रश्न येतो : "घर नेमकं कुठे आहे हो? लोकेशन पाठवा ना." मी 'मालवण तालुक्यात' एवढंच सांगतो आणि समोरचा खट्टू होतो. काहींना तो शिष्टपणा वाटतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

कायद्याने बघायला गेलं तर मला सहसा कोणी अडवणार नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात इमारतीचं छायाचित्र काढून छापायला मुभा आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण गडग्याशी, म्हणजे घराभोवतीच्या दगडी कुंपणाशी, कॅमेरा घेऊन उभं राहिल्यावर नेमकं कुठवर जायचं, हे त्या निकालातून कळत नाही. ते घराकडे बघूनच कळतं.

कोकणातलं घर मुळात भिंतींच्या आत मावत नाही. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आमसुलं वाळतात, पडवीत दुपारची झोप होते, न्हाणीघर परसात, तिथेच दोरीवर लुगडी. फ्लॅटमध्ये जे दाराआड चालतं ते इथे उघड्यावर चालतं, म्हणून मी गडगा हीच हद्द मानतो. ड्रोन तर वापरतच नाही. माडांच्या दाटीतलं लाल छप्पर वरून झकास दिसतं, कबूल. पण परसात जाणाऱ्या बाईने आधी आभाळाकडे बघून घ्यायचं की काय?

ज्या फोटोबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते, तो मे महिन्यातला. चिऱ्याचं घर, उतरत्या कौलांवर काळपट शेवाळ, खळ्यात तुळस. आजी सूप घेऊन आमसुलं चाळवत बसल्या होत्या. बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, बाहेरूनच विचारलं, "आजी, फोटो काढू काय?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "घराचो काढ, माजो नको. अजून आंगोळ जावक नाय माजी." मग उठून आत गेल्या. फोटोत तुम्हाला दिसतं ते रिकामं खळं आणि सूप. अनेकांनी 'काय सुंदर रितेपण' वगैरे लिहून पाठवलं. रितेपण कसलं, आजी आत चहा टाकत होत्या!

पुढे प्रिंट घेऊन गेलो, तर त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि नाराजीने म्हणाल्या, "शाकारणी होवची होती तेवा काढलंस." शाकारणी म्हणजे पावसाआधी कौलं नीट करून घेणं. ज्या शेवाळावर मी भाळलो होतो, ते त्यांच्या लेखी गळकं छप्पर होतं, गावापुढे मिरवावं असं काही नव्हे. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तो फोटो रुचला नसता.

आता लोकेशनचं. अशा घरांत बहुधा एकटं म्हातारं माणूस असतं, किंवा कुलूप. चाकरमानी येणार शिमग्याला नाहीतर गणपतीला. सात-बारावर ढीगभर नावं, आणि जमिनीचे एजंट अशाच घरांच्या शोधात. पत्ता फिरला की आधी ते पोचतात, मागोमाग प्री-वेडिंगवाले. गोव्यातल्या पर्रा गावातला माडांचा रस्ता इतका गाजला, की पंचायतीने काही वर्षांपूर्वी फोटो काढणाऱ्यांवर कर बसवला. टीका झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. रस्त्याला निदान पंचायत तरी आहे. आजींनी कोणाकडे जायचं?

नाव गाळणं पुरत नाही, हेही सांगतो. मोबाइलच्या फोटोत बऱ्याचदा अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर जसेच्या तसे पोचतात. मी ते आधीच पुसतो. पाटी, गाडीचा नंबर, मीटरचा डबा फ्रेममध्ये येणार असेल तर दोन पावलं बाजूला सरकतो. कोणी 'नको' म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. कारण विचारायचं नाही, कितीही छान ऊन पडलेलं असो.

तुम्हाला अशा घरात राहायचंच असेल, तर पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदलेली घरं बघा. तिथे पाहुण्यांनी यावं म्हणूनच पाटी लावलेली असते, आणि वर्दी आदल्या दिवशी दिलीत तर जेवणात सोलकढीही मिळते. तिथली लोकेशनं मागा, हवी तेवढी देतो.