रिपोर्ट अवेटेड

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की मी ते शेवटच्या पानापासून वाचतो. घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, ते तिथे दोन ओळींत उरकलेलं असतं. त्या संध्याकाळी तिथे लिहिलं होतं: ‘युरीन कल्चर – रिपोर्ट अवेटेड’. म्हणजे लघवीत कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल, या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचाय. रिपोर्ट कोण बघणार, कोणाला कळवणार, काही नाही.

कार्ड होतं माझ्या एका पेशंटचं. बाबा ७१ वर्षांचे, जुना मधुमेह. लघवीच्या इन्फेक्शनने बीपी खाली गेलं म्हणून शहरातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात भरती होते. सुट्टी झाली, सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या. नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या माझ्या दवाखान्यात सून त्यांना धरूनच घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, बाबाले कालपासून पुन्हा हुडहुडी भरून रायली. गोळ्या तर टायमावर देऊन रायलो जी." ताप १०२, डाव्या कुशीवर नुसता हात ठेवला तरी कळ. बीपी मात्र टिकून होतं, म्हणजे हाताशी थोडा वेळ होता.

कल्चरला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. रिपोर्ट केव्हाच तयार झालेला असणार. मी हॉस्पिटलला फोन लावला. अपॉइंटमेंटसाठी एक दाबा, हेल्थ चेकअपसाठी दोन दाबा. बाहेरच्या डॉक्टरसाठी बटणच नाही. रिसेप्शनने वॉर्डला जोडलं. वॉर्ड म्हणाला, पेशंट डिस्चार्ज झाला, फाईल रेकॉर्डला गेली. रेकॉर्ड सहा वाजता बंद. लॅब म्हणाली, रिपोर्ट आम्ही वॉर्डला पाठवला. खोटं कोणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाने आपापलं काम केलं होतं, आणि रिपोर्ट कोणाचाच नव्हता. बाबांचं आभा कार्डही होतं, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, १४ आकडी नंबरासकट. त्यात हा रिपोर्ट चढवलेलाच नव्हता.

शेवटी हॉस्पिटलच्या मार्केटिंगच्या मुलाला फोन केला. हा दर महिन्याला भेटायला येतो, पेशंट पाठवा म्हणतो. त्याने पहिल्याच रिंगला उचलला आणि थोड्याच वेळात व्हॉट्सअॅपवर रिपोर्टचा फोटो आला. मुलगा मदतीला धावला, त्याचे आभारच. पण पेशंट आत पाठवायचा रस्ता असा सताड उघडा आणि त्याची माहिती बाहेर यायला फट नाही, याचा मला अजून राग येतो.

ई. कोलाय जंतू, तोही ईएसबीएल, म्हणजे बरीच नेहमीची अँटिबायोटिक्स निकामी करणारा. सेफिक्झिमपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, औषध चालणार नाही), सेफ्ट्रायक्झोनपुढे ‘आर’, सिप्रोपुढे ‘आर’. मेरोपेनेम आणि एर्टापेनेम या इंजेक्शनांपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, चालेल). खाली लॅबच्या डॉक्टरची सही, डिस्चार्जच्या दुसऱ्याच दिवसाची. त्यानंतर बाबा घरी जी गोळी घेत होते, तिला तो जंतू दाद देणार नव्हता, हे त्या इमारतीत लिहून ठेवलेलं होतं.

त्याच मुलाकडून हॉस्पिटलच्या फिजिशियनचा मोबाईल नंबर घेतला. ते नीट बोलले, लगेच कळवळले. रात्री भरती करून सोनोग्राफी करायची, मूत्रपिंडात अडथळा किंवा पू नाही ना ते बघायचं, आणि ठीक असेल तर पुढचं इंजेक्शन माझ्याकडे, असं दोघांनी मिळून ठरवलं. एर्टापेनेम दिवसातून एकदाच द्यायचं असतं, त्यामुळे घराजवळच्या दवाखान्यात हे नक्की जमतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनीन १.४ होतं, वय-वजन धरून क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, काढला, ३० च्या वर आला, म्हणून पूर्ण एक ग्रॅम. पेनिसिलिनची अॅलर्जी विचारली, फिटच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारलं, कारण व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी या औषधाने खाली येते. मग साध्या सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये कधीच नाही, अर्ध्या तासात सावकाश. हा कोर्स बाबांनी माझ्या आतल्या खोलीतल्या पलंगावर पुरा केला. त्यांच्या मुलाची रजा वाचली, हॉस्पिटलचं खोलीभाडं वाचलं.

बाबा बरे आहेत. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. लॅबमधल्या माणसाला मी विचारलं होतं, डिस्चार्जनंतर आलेल्या रिपोर्टांची वेगळी यादी ठेवता का? तो म्हणाला, नाही. मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचा नियम २००२ पासून आहे; पण रिपोर्ट आलाय हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण?

हॉस्पिटलला पत्र दिलंय. डिस्चार्ज कार्डावर तीन रकाने हवेत: कोणता रिपोर्ट बाकी, तो कोण बघणार, आणि बाहेरच्या डॉक्टरने कोणत्या नंबरवर फोन करायचा. मीटिंगमध्ये ठेवतो म्हणाले. तोवर माझ्या कंपाउंडरने काउंटरवर एक वही ठेवलीय. ‘अवेटेड’ लिहिलेलं कार्ड आलं की पेशंटचा नंबर त्यात उतरवतो आणि दुपारी लॅबला फोन लावतो.